आठशे ऐंशी मीटर

नोंदणीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मोजणीदार गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून खिडकीशी बसले होते. भूमापन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. नोकरीत असताना त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, हद्दीवरून हमरीतुमरीवर आलेल्या भावाभावांच्या मधोमध उभं राहून टेप ओढली, आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून शर्यतींचे रस्ते मोजून दिले. हे दुसरं काम रीतसर येणारी माणसं अख्ख्या देशात चार. त्यातल्या एकाचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, एक मुलाकडे परदेशी राहायला गेला होता, आणि एकाचं संघटनेशी बिनसलं होतं.

"साहेब, तुमची एक सही हवी होती," बाई म्हणाल्या. "खंडाची यादी निघतेय."

यादी म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची. आधी जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल हाणायची आणि त्यावर बेचाळीस किलोमीटर धावायचं. सगळं एका दिवसात, एका दमात. प्रत्येक देशातला सगळ्यात वेगवान पुरुष कोण, सगळ्यात वेगवान बाई कोण आणि त्यांना किती वेळ लागला, हे खंडावार लावून दर चार वर्षांनी छापायचे. बाई संघटनेच्या कचेरीत एकट्याच बसत आणि ही यादी लावता लावता त्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता.

"बायकांमध्ये आपण खंडात चौथे," त्या म्हणाल्या, "आणि ते कुणामुळे, हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

ते मोजणीदारांच्या पुतणीमुळे. घरात तिला सगळे बदक म्हणत, कारण नीट चालता यायच्या आधी ती पोहायला लागली होती. निदान तिचे वडील तसं सांगत. बारा वर्षांपूर्वी जलाशयाच्या शर्यतीत ती नऊ तास सत्तावीस मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत आली. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईला तो आकडा मागे टाकता आला नव्हता. पुढे पाच वर्षं धडपडून खुद्द बदकालाही नाही.

"आता खंडाच्या कचेरीला कागद हवेत," बाई सांगत होत्या. "पहिल्या सहा देशांनी धावण्याचा रस्ता पुन्हा मोजून द्यायचा. आणि आपला कालव्याकडचा रस्ता पुढच्या सोमवारपासून खणतायत. त्याच्या आत एकदा सायकल फिरवून या आणि 'पूर्वीप्रमाणेच' असं लिहून द्या. मी सुटले."

"माझी पुतणी, आणि मोजणाराही मीच?"

"दुसरं आहे कोण, साहेब?"

मोजणीदारांनी गुडघ्यावरची पिशवी काढली. ती केव्हाच थंड झाली होती.

मंगळवारी सकाळी ते कालव्यावर गेले. जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र बसवलं. पोलादी टेपने तीनशे मीटर आखून घेतले, त्यावर सायकल चार वेळा नेली, चाकाचे फेरे वहीत लिहिले. पूर्वी हे सगळं ते शीळ घालत करत. आता दर वेळी खाली वाकलं की उठताना कशाचा तरी आधार शोधावा लागत होता. रस्ता तसाच होता, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कुंपण, मध्ये उखडलेलं डांबर. शर्यतीत हाच पट्टा चार वेळा धावायचा होता. जायचं, टोकाला ठेवलेल्या केशरी शंकूला वळसा घालायचा, परत यायचं.

टोकाचा खिळाही सापडला. विजेच्या खांबापासून दोन पावलांवर त्यांनी स्वतः ठोकलेला, डोक्याला पिवळा रंग दिलेला. रंग उडाला होता, पण खिळा जागच्या जागी होता. आकडे जुळले. बारा वर्षांनी जेमतेम तीन मीटरचा फरक, तोही जास्तच. मोजणीदारांना बरं वाटलं. ते कुंपणाच्या दगडावर बसले, थर्मासमधला चहा ओतला आणि बाईंनी दिलेली फाइल सहज चाळू लागले.

फाइलमध्ये त्या दिवशीचे काही फोटो होते. एकात बदक वळण घेत होती. तोंड उघडं, केस कपाळाला चिकटलेले, एक पाय हवेत. तिच्या शेजारी केशरी शंकू. आणि शंकूच्या मागे पंपघराचं हिरवं लोखंडी दार.

मोजणीदारांनी मान वर करून पाहिलं. पंपघर खांबाजवळ नव्हतं. ते अलीकडे होतं, चांगलं लांब.

त्यांनी चहा तसाच ठेवला. पंपघराच्या दारापासून खिळ्यापर्यंत सायकल नेली. मग विश्वास बसेना म्हणून टेपने मोजलं. एकशे दहा मीटर. जाताना एकशे दहा, येताना एकशे दहा. अशा चार फेऱ्या. हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही. आठशे ऐंशी मीटर. बदक त्या दिवशी तेवढं कमी धावली होती. ती आणि तिच्यासोबत सगळे.

हे कसं झालं तेही त्यांना तिथेच उभ्या उभ्या आठवलं. पहिल्या कच्च्या मोजणीत टोक पंपघरापाशी आलं होतं, म्हणून त्यांनी तिथे पांढऱ्या रंगाने फुली मारली होती. पक्क्या मोजणीत ते पुढे सरकलं, तेव्हा त्यांनी खिळा ठोकला आणि फुली पुसायची राहून गेली. शंकू ठेवणाऱ्यांना फुली दिसली, त्यांनी तिथेच ठेवला. यात त्यांचा काय दोष? पण शंकू जागेवर आहे की नाही हे जाऊन बघण्याचं काम मोजणीदारांचं होतं. त्या सकाळी ते दवाखान्यातून थेट आले होते. बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन रात्री त्यांनी बाकावर काढल्या होत्या. आयोजकाने फॉर्म पुढे केला, 'वळणाचा शंकू प्रत्यक्ष पाहिला'. त्यांनी दूरवर नजर टाकली. काहीतरी केशरी दिसलं. त्यांनी सही केली.

ती सहीही फाइलमध्ये होती. ठसठशीत, खाली दोन टिंबं.

घरी येऊन त्यांनी जेवणावर लक्ष नसल्यासारखं जेवण केलं. बायकोच्या ते लक्षात आलं, पण तिने ताट उचलेपर्यंत काही विचारलं नाही. मग समोर येऊन बसली.

"काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, फुलीपासून सहीपर्यंत. बोलताना दवाखान्याचा उल्लेख त्यांच्याकडून तीनदा झाला.

"हे बघा," ती म्हणाली, "माझ्या खड्यांवर ढकलू नका. मी तिथे शुद्धीवर होते, नर्सबाई होत्या, माझी बहीण होती. तुम्ही जाऊन शंकू बघितला असता तर मी काही मेले नसते."

"मी ढकलत नाहीये."

"ढकलताय. पण असू दे." तिने टेबलावरचे कण हाताने गोळा केले. "अजून कुणाला कळलंय?"

"नाही. फोटो बारा वर्षं फाइलमध्ये आहे. कुणी बघितला नाही. मी 'पूर्वीप्रमाणेच' लिहिलं तर तेही खोटं होणार नाही. रस्ता आहेच तसा."

"मग लिहिणार आहात का तसं?"

चाळीस वर्षं लोक मोजणीदारांवर ओरडले होते, शिव्या दिल्या होत्या, एकदा तर एकाने कुदळ उगारली होती. पण 'तुमची मोजणी चुकली' असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हातारपणी तेवढंच गाठीला होतं.

"मला फार दमायला झालंय," ते म्हणाले.

"दमा मग. झोपा थोडे. आणि उठल्यावर आधी पोरीला जाऊन सांगा. बाईंना नंतर."

बदक आता बेचाळीस वर्षांची होती आणि शहराच्या तलावावर मुख्य प्रशिक्षक होती. तलाव बंदिस्त होता. आत शिरलं की क्लोरिनचा वास आणि दमट उष्मा अंगावर यायचा. दारातच निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव होतं आणि खाली तो आकडा. मोजणीदार तिथून शेकडो वेळा गेले असतील. आज त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं.

ती काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर. डोळे नेहमीसारखे लाल. पाण्यात दहा-बारा वयस्क बायका फळ्या धरून पाय मारत होत्या.

"काका? तुम्ही इथे? काकू बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्याशी बोलायचंय."

"बोला की." ती पाण्याकडे बघून ओरडली, "गुडघे नाही, मांडीपासून!" मग त्यांच्याकडे वळली. "ऐकतेय मी."

मोजणीदारांनी फोटो तिच्या हातात दिला आणि पंपघराच्या दारावर बोट ठेवलं. खिळा कुठे होता ते सांगितलं. आकडा सांगितला. तिने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, जणू त्यातली बाई ओळखीची आहे का ते आठवत होती.

"एक्केचाळीस-तीन," शेवटी ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या मनगटावरच्या घड्याळात त्या दिवशी एक्केचाळीस-तीन आलं होतं. बेचाळीस-दोन किलोमीटर यायला हवं. मी प्रशिक्षक सरांना दाखवलं. सर म्हणाले, झाडांखाली घड्याळ चुकतं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही मोजलं होतं ना," ती म्हणाली. "मग मी काय विचारणार?"

हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. मोजणीदारांना कुणीतरी मुस्काटात दिल्यासारखं झालं. ते शेजारच्या बाकावर बसले. बाक ओला होता. पँट भिजली तरी ते उठले नाहीत.

"काका, मी त्यानंतर पाच वर्षं धावले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, नुसता हळू झाला होता. "दरवर्षी. दोन वेळा कर्ज काढून परदेशी शर्यतीला गेले. एकदाही सत्तावीस आलं नाही. आठवतं तुम्हाला? नऊ तेहतीस आलं होतं एकदा. लोक म्हणाले, संपली आता ही. मलाही तसंच वाटलं. मग मी जास्त धावायला लागले. हा गुडघा त्यातच गेला."

"हो."

"नऊ तेहतीस पुऱ्या रस्त्यावर होतं?"

"तो रस्ता मी नाही मोजला. पण हो. पुरा होता."

"म्हणजे माझं खरं ते."

"ते."

पाण्यातल्या बायका थांबून तिच्याकडे बघू लागल्या होत्या. तिने हाताने त्यांना अजून दोन फेऱ्यांची खूण केली.

"चांगलं आलं होतं ते," ती म्हणाली. "तेव्हा मी खोलीवर जाऊन रडले होते. कुणाशी बोलले नाही दोन दिवस. आणि ते चांगलं आलं होतं."

मोजणीदारांना माफी मागायची होती. वाटभर त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण ते तोंडातून निघेना, आणि निघालं तेव्हा भलतंच निघालं. "मी तो फोटो फाडूही शकलो असतो."

"नाही फाडलात ना." तिने फोटो परत दिला. "मला एक सांगा. माझं गेल्यावर कुणाचं येतं?"

तेव्हा मोजणीदारांना आठवलं की ही गोष्ट दोघांत संपणारी नाही.

बदकाच्या आधी देशातला विक्रम दुसऱ्या एका बाईच्या नावावर होता. तिचे तेव्हा नऊ तास एकतीस मिनिटं होते. बदकाने तो मोडल्यावर तिने तो परत मिळवायला चार वेळा जीव काढला. एकदा नऊ तास एकोणतीस मिनिटं पन्नास सेकंदांपर्यंत आली. दोन मिनिटं कमी पडली. मग तिने सायकल विकली आणि ड्रायव्हिंग स्कूल काढलं. दोघी एकमेकींशी कधी वाईट वागल्या नव्हत्या. नुसत्या बोलत नव्हत्या.

"ताईचं," बदक म्हणाली. स्वतःच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं. "चला, मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर दारातूनच परत याल."

शुक्रवारी सकाळी ते दोघं ड्रायव्हिंग स्कूलच्या दाराशी उभे राहिले. एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. बाहेर छोटी पांढरी गाडी, छपरावर लाल पाटी. गाडीची मास्तरीण चावी हातात घेऊन बाहेरच येत होती. केस अर्धे पांढरे झाले होते, पण चालणं तसंच होतं, पुढे झुकलेलं. तिने आधी बदकाकडे पाहिलं, मग मोजणीदारांकडे.

"मोजणीवाले काका ना तुम्ही?"

"हो. थोडं बोलायचं होतं."

"मला बारापर्यंत एकामागून एक विद्यार्थी आहेत. मागे बसा, गाडीतच बोलू." तिने स्टिअरिंगमागे बसलेल्या बाईला विचारलं, "बाई, चालेल ना तुम्हाला?"

त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वय सहासष्ट. पाठ ताठ, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं पकडलेलं की कुणी हिसकावून नेईल. "चालेल," त्या आरशात बघून म्हणाल्या. "पण मी वळत असताना मागे कुणी बोलायचं नाही."

गाडी आचके देत निघाली. मास्तरणीच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि तिचा पाय सतत त्यावर अधांतरी होता. मोजणीदारांनी सांगायला सुरुवात केली. मध्ये दोन वळणं आली, तेव्हा ते थांबले. एका चौकात गाडी बंद पडली आणि मागून सगळे भोंगे वाजवू लागले, तेव्हाही थांबले. असं तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सगळं सांगितलं.

"क्लच हळू सोडा," मास्तरीण म्हणाली. "किती मीटर म्हणालात?"

"आठशे ऐंशी."

"म्हणजे सव्वाचार मिनिटं. आरसा बघा, बाई." तिने मान वळवली नव्हती. "आणि हिचं माझ्यापेक्षा किती कमी होतं, साडेतीन मिनिटं?"

"त्या वेळी तेवढंच."

"हं."

गाडी एका लांब, सरळ रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना गोदामं होती, रहदारी नव्हती. मग मास्तरीण बोलू लागली. काचेतून समोर बघतच.

"माझे ते एकोणतीस-पन्नास. त्यातले शेवटचे चारशे मीटर मी चालत आले होते. पाय गेले नव्हते माझे. घड्याळ बघितलं, म्हटलं, सत्तावीस काही होत नाही आता. मग कशाला धावायचं? म्हणून चालले. लोक टाळ्या वाजवत होते, धाव धाव म्हणत होते. मी चाललेच."

मुख्याध्यापिकाबाईंनी वेग कमी केला.

"धावले असते तर अठ्ठावीस आलं असतं. सव्वाअठ्ठावीस, फार तर. बाई, गाडी बाजूला घ्या. इथे. इंडिकेटर."

मुख्याध्यापिकाबाईंनी गाडी फुटपाथपासून चांगली हातभर लांब उभी केली. मास्तरीण उतरली. गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी थांबली, टायरवर बुटाने दोनदा दाबलं. मग पाठ करून तशीच उभी राहिली.

"मी इंजिन बंद करू का?" थोड्या वेळाने मुख्याध्यापिकाबाईंनी हळूच विचारलं. "उगाच पेट्रोल जळतंय."

"करा," मोजणीदार म्हणाले.

बदक उतरली. तिला दार उघडून पाय बाहेर काढायला वेळ लागला, ते मास्तरणीने पाहिलं.

"गुडघा?" तिने विचारलं.

"हो. डावा."

"तुला माहीत होतं का गं?"

"घड्याळात कमी आलं होतं. माहीत नव्हतं, ताई. पण विचारलं नाही मी."

"विचारायला हवं होतंस."

"हो."

मास्तरणीने मान हलवली. रागावलेली दिसत नव्हती. सकाळपासून दहा विद्यार्थ्यांना क्लच शिकवून झालेल्या माणसासारखी दिसत होती, आणि सकाळ तर अजून संपायची होती. ती खिडकीपाशी आली आणि वाकून मोजणीदारांना म्हणाली, "तुमच्यावर ओरडायचं असेल तर मला आधी वेळ काढावा लागेल. आज नाही जमणार. कागद कुठला आहे तो द्या."

त्यांनी फाइलमधला कोरा फॉर्म दिला. नवीन विक्रमासाठी धावणाऱ्याची सही लागत असे, शुक्रवारच्या आत, म्हणजे पुढच्या. तिने तो दुमडून पुढच्या कप्प्यात टाकला, शिकाऊ परवान्यांच्या ढिगावर. "बघते," एवढंच म्हणाली. आणि मग, "बाई, चला. पहिला गिअर."

परतताना बदक आणि मोजणीदार बसथांब्यावर बसले होते. ती म्हणाली, "भूक लागलीय. तुम्हाला?" त्यांना लागली नव्हती, पण ते हो म्हणाले. समोरच्या टपरीवजा हॉटेलात त्यांनी सूप आणि पाव घेतला. ती भराभरा जेवली. पूर्वी शर्यतीनंतर जेवायची तशी, मान वर न करता. मग तिने त्यांच्या वाटीकडे पाहिलं. "संपवा ते," ती म्हणाली, आणि ते एका पोराने ऐकावं तसं त्यांनी ऐकलं.

नोंदणीच्या बाईंना त्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी दिलं. दोन पानं, फोटोसह. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"चौथ्यावरून सहाव्यावर जाऊ आपण," त्या म्हणाल्या.

"हो."

"नसतं दाखवलंत तर मला कळलंही नसतं."

"हो. आणि हे माझं मोजणीचं प्रमाणपत्र. परत घ्या. माझं नाव काढून टाका."

बाईंनी प्रमाणपत्राकडे हातही नेला नाही. "एप्रिलात दोन शर्यती आहेत, साहेब. खुब्यावाल्यांना बोलावू की भांडणवाल्यांना? ठेवा ते खिशात. आणि यापुढे शंकूपर्यंत जा म्हणजे झालं."

मोजणीदारांना वाटलं होतं की कुणीतरी त्यांना शिक्षा करेल आणि मग मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी प्रमाणपत्र खिशात घातलं.

तलावावर बदकाने व्यवस्थापकाला सांगितलं. तो म्हणाला, राहू दे फलक, एवढं कोण वाचतं. तिने ऐकलं नाही. रंगाऱ्याला बोलावून आकडा बदलून घेतला, 'राष्ट्रीय विक्रम' हे शब्द पुसून घेतले आणि नऊ तेहतीस लिहून घेतलं, सेकंदांसकट. काही पालकांना वाटलं, बाई हळू झाल्या. दोघांनी तसं विचारलंही. ती म्हणाली, "नाही, होते तेवढीच आहे."

मास्तरणीकडून पाच दिवस काही आलं नाही. मोजणीदार रोज बाईंना फोन करत आणि बाई रोज 'नाही' म्हणत. गुरुवारी दुपारी बाईंनीच फोन केला. फॉर्म टपालाने आला होता. कोपऱ्याला ग्रीसचा डाग, सही घाईची. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे सहसा कुणी काही लिहीत नाही, तिथे लिहिलं होतं, 'शेवटचे चारशे मीटर चालत.'

"हे छापायचं का?" बाईंनी विचारलं.

"यादीत जागा आहे का त्याला?"

"नाही."

"मग फाइलमध्ये राहू द्या. फाडू नका."

महिन्याभराने यादी निघाली. त्यांचा देश, सहावा, नऊ तास एकोणतीस मिनिटं पन्नास सेकंद. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, क्रीडापानाच्या तळाशी, त्याही विक्रम गेल्याच्या. कुणाला मिळाला हे लिहायला जागा उरली नसावी. मोजणीदारांनी ते कापून ठेवलं नाही.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. बायकोने उचलला आणि त्यांच्याकडे दिला. "ड्रायव्हिंगवाली आहे," ती कुजबुजली, आणि मुद्दाम खोलीतच काहीतरी शोधत राहिली.

"काका, ती यादी बघितलीत का?" मास्तरीण म्हणाली. मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"बघितली."

"माझं आडनाव चुकीचं छापलंय. एक अक्षर गाळलंय मधलं."

मोजणीदारांनी कपाळाला हात लावला. "मी उद्याच कचेरीत जातो."

"जाच. आणि समोर बसून दुरुस्त करून घ्या. लिहून दिलंय म्हणतील आणि विसरतील. आपल्या डोळ्यांनी बघून या."

"येतो बघून."

ती फोन ठेवणार असं त्यांना वाटलं.

"माझ्या आईला दाखवायचीय," ती म्हणाली. "ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला यातलं काही कळत नाही, पण नाव वाचता येतं."

"सकाळी दहाला कचेरी उघडते. मी पावणेदहाला तिथे असेन."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बायकोने कपाट बंद केलं. "काय म्हणत होती?"

"उद्या लवकर जायचंय मला," मोजणीदार म्हणाले, आणि पाण्याची पिशवी भरायला उठले.